कोणीही गाडीवर बसवू नये

आमच्या वाहेद सरांचा एकही खेळाडू आजवर विद्यापीठाच्या संघात गेला नाही, आणि याला पोलीस भरती जबाबदार आहे असं त्यांचं ठाम मत आहे. सर म्हणजे माझा नवरा. सगळं मलकापूर त्यांना सर म्हणतं, मी एकटीनं वेगळं काय म्हणायचं, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मीही सरच म्हणते. भांडतानासुद्धा.

ते कॉलेजात क्रीडा शिक्षक. पोरांना पळायला, उड्या मारायला, गोळा आणि भाला फेकायला शिकवायचं, हे त्यांचं काम. पोरगं जरा नीट पळायला लागलं की भरतीची जाहिरात निघायची, आणि सरांनी घासूनपुसून तयार केलेलं ते पोरगं भरतीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळून शिपाई होऊन जायचं. जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात आमची स्कूटर अडवली तर अडवणारा आधी सरांच्या पाया पडतो आणि मग हेल्मेटवरून सरांनाच दम देतो. सर खूश होतात. "पाह्य बिलकिस, शिस्त कशी लावली मी!" म्हणतात. पण घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणतात, "आठशे मीटरात यानं विद्यापीठ मारलं असतं."

विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पाठीवर विद्यापीठाचं नाव असलेलं जॅकेट मिळतं. त्या जॅकेटसाठी हा माणूस पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत आला. त्या रेघांवर दुपारी बकऱ्या चरायच्या, संध्याकाळी क्रिकेटवाले नाचायचे आणि लग्नसराईत मांडवाचे खड्डे पडायचे. दुसऱ्या पहाटे हे पुन्हा हजर. मी वैतागून म्हणायची, की एवढ्या रेघा तुम्ही वहीवर ओढल्या असत्या तर एव्हाना प्राचार्य झाला असतात. त्यावर ते हसायचे. यंदा ऑक्टोबरअखेर ते रिटायर होणार होते, आणि ऑक्टोबरातच विद्यापीठाची निवड चाचणी होती. म्हणजे ही शेवटचीच संधी. यंदा ते हसत नव्हते.

त्यांची सगळी आशा होती मनाली तायडेवर. मनाली रोहिणखेडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील माणिकराव गवंडीकाम करतात. पळण्यात ती यथातथाच, पण सरांनी तिला बाजारात पाहिलं. आठवडी बाजाराच्या गर्दीत सर स्कूटरवर आणि ती पायी, आणि तीच पुढे निघून गेली. सर घरी आले ते स्कूटर स्टँडवर न लावता भिंतीला टेकवून. "बिलकिस, पोरगी चालते! अशी चालते, का बस!"

"पाय आहेत तर चालेलच ना," मी म्हटलं.

मग मला समजलं की चालण्याचीही शर्यत असते. पळायचं नाही, फक्त चालायचं, पण पळण्याइतक्या जोरात. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय गुडघ्यात ताठ. पंच जागोजागी उभे असतात. दोन्ही पाय उचललेले दिसले की लाल खूण, आणि तीन लाल झाल्या की बाहेर. हे सगळं सरांनी मला आमच्या स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत चालून दाखवलं. या चालीत कंबर अशी काही हलते, की मला हसून हसून ओट्याला धरून उभं राहावं लागलं. शेजारच्या सोजराबाई खिडकीतून विचारत होत्या, "सरांले काही चावलं काय?"

मनालीची चाल खरोखर देखणी होती. दोष एकच. पुढे कोणाची पाठ दिसली की तिचा राग उफाळायचा, आणि राग आला की ती पळायची. कॉलेजच्या मैदानावर सरांनी तीनदा सराव शर्यत घेतली आणि तिन्ही वेळा ती बाद झाली. "अवं, चालाचं आहे, पाठलाग नाही कराचा!" सर ओरडायचे. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

म्हणून सरांनी तिला मैदानावरून काढून रस्त्यावर घातलं. रोहिणखेडहून निघणारा तो मोकळा रस्ता, पुढे कोणाची पाठ नाही, रोज सकाळी ठरलेलं अंतर एकटीनं चालायचं. आणि इथेच आमचं वऱ्हाड आडवं आलं.

आमच्याकडे रस्त्यानं पायी चाललेल्या माणसाला पाहून पुढे निघून जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. ओळखीचा असो की नसो, गाडी थांबणारच. दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, एका स्कूटरवर आधीच तिघं असोत, चौथ्याला म्हणणारच, "या ना, बसा." मग तायड्याची पोरगी भर सकाळी कंबर हलवत तरातरा निघालीय म्हटल्यावर कोण थांबणार नाही? ती सरावाला निघाली की शंभर पावलांवर पहिली गाडी.

"काऊन वं, कुठी निघाली? बस, सोडून देतो."

"नाही काका, मी चालून राह्यली."

"ते दिसून राह्यलं. बस ना आता."

ती थांबत नाही म्हटल्यावर काका मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्या बाजूनं चालवायचे आणि सगळ्या घरादाराची चौकशी करायचे. चार दिवसांत गावात बोभाटा झाला की माणिकरावची पोरगी घरातून रुसून निघते आणि कोणाच्या गाडीवर बसायला तयार नाही. दोन म्हाताऱ्या समजूत काढायला घरी आल्या. मनालीच्या आईला, अन्नपूर्णाबाईंना, त्या म्हणाल्या, "पोरीच्या मनाविरुद्ध सोयरीक नोको करू माय."

सोयरिकीचं नावही कोणी काढलेलं नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी सरांना फोन करून असं काही सुनावलं, की सर फोन कानापासून लांब धरून ऐकत होते आणि मलाही सगळं ऐकू येत होतं.

याहून वाईट म्हणजे एका सकाळी दमलेली मनाली खरंच बसली. दूधवाल्याच्या मागे बसून घरी गेली आणि सरांना फोनवर सांगितलं, "झालं सर, पूर्ण चालली." दूधवाला बिचारा साधा माणूस. रविवारी सर गावात गेले तेव्हा तो कौतुकानं म्हणाला, "सर, तुमची पोरगी लय मेहनती. परवा मीच आणून सोडली तिले."

सरांचं डोकं फिरलं. ते तसेच सरपंचांकडे गेले, किसनरावांकडे, आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून स्वतः बोलले. तेच जुन्या मशिदीत नमाजानंतर सांगितलं, विहारात सांगितलं, शेजारच्या दोन गावांतही निरोप दिला. "मनाली माणिकराव तायडे ही आपल्या गावाची खेळाडू आहे. ती रस्त्यानं चालताना दिसली तर तिला कोणीही गाडीवर बसवू नये. तिनं हात दाखवला तरी थांबू नये. ती रडली तरी थांबू नये. गावाची इज्जत तुमच्या हाती आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. आमच्या लोकांना इज्जत म्हटलं की विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून एक गाडी थांबली असेल तर शपथ. उलट प्रत्येक जण हॉर्न वाजवून ओरडत जायचा, "चाल माय, चाल!" सर महिनाभर मिशीत हसत होते. गाव असावं तर असं, म्हणत होते.

निवड चाचणी रविवारी अमरावतीला होती. शनिवारी दुपारच्या गाडीनं सगळा संघ मलकापूरहून निघणार होता. सर आपला जेवणाचा डबा घरीच विसरले, म्हणून मी सकाळची शाळा सुटल्यावर तशीच डबा घेऊन स्टेशनवर गेले. मी मराठी शाळेत शिकवते. प्लॅटफॉर्मवर आठ-दहा पोरंपोरी, संघाचे व्यवस्थापक म्हणून वाणिज्यचे शेखर सर, आणि मधोमध आमचे सर, फोनवर गर्जना करत.

"कोणी बसवत नाही म्हणजे? हात दाखव ना!"

झालं असं होतं, की मनालीची एसटी चुकली होती. आणि ती चुकली गावाच्या मायेमुळे. पोरगी स्पर्धेला निघाली म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरानं तिला चहाला थांबवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. सातव्या घरातला चहा होईपर्यंत गाडी निघून गेली. माणिकराव सकाळीच कामावर गेलेले, गल्लीत दुसरी गाडी नाही. मग पोरगी पाठीवर बॅग अडकवून मोठ्या रस्त्याला लागली, की कोणी ना कोणी सोडेल मलकापूरला. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती स्पर्धेला निघाल्याचं काय माहीत? त्यांना भोंगा माहीत. तिनं हात दाखवला, की ते हॉर्न वाजवून पुढे.

"सर, मी रडून पाह्यलं," ती फोनवर सांगत होती, "तर बापूकाका म्हणे, सरांनं सांगतलंच होतं का रडशील म्हणून! आन् पाठीवरची बॅग पाहून म्हंतेत, आज तर सरांनं वझंही दिलं! चाल माय!"

मी हसले. हसू आवरेचना. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी डब्याच्या पिशवीत तोंड घातलं. त्यांनी लगेच किसनरावांना फोन लावला, की भोंग्यावरून तातडीनं सांगा, आज बसवा. किसनराव म्हणाले, "सांगतो ना सर, पण लाइट नाही."

गाडी आली. सरांचा एक पाय डब्याच्या पायरीवर आणि कान फोनला. आतून शेखर सर म्हणत होते, "अहो, चला, एका पोरीसाठी बाकीच्यांचं नुकसान नको." ते खरंच होतं. सरांनी पोरांची कागदपत्रं शेखर सरांच्या हातात दिली आणि खाली उतरले. गाडी निघून गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते पाहत राहिले. मग मला म्हणाले, "मागून येणाऱ्या गाडीनं नेतो तिले. पण पोरगी एकटी आहे. तू चल."

"मी? या चपलांवर?"

"चल ना बिलकिस."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या एकाही स्पर्धेला गेले नव्हते. कधी माझी शाळा, कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. शिवाय उन्हात उभं राहून दुसऱ्यांची पोरं पळताना काय पाहायचं, असंही मला वाटायचं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा होता, की मी चपलांसकट तयार झाले.

तासाभरानं स्टेशनबाहेर ढोल-ताशा ऐकू आला. खानदेशातलं एक बँड पथक कुठल्या सत्काराच्या मिरवणुकीला टेम्पोतून निघालं होतं. त्या परक्या लोकांना भोंगा माहीत नव्हता, म्हणून ते थांबले. सगळी हकिगत ऐकून त्यांना ती इतकी आवडली, की स्टेशनसमोर तिला उतरवताना त्यांनी वाजवूनच उतरवलं. ढोलांच्या मधून मनाली खाली आली. तोंड लाल, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत पाणी.

"किती चालली?" सरांनी विचारलं.

"टेम्पो भेटेपर्यंत. रागारागात चालली ना सर, म्हणून लयच चालली." मग ती प्लॅटफॉर्मवरच बसली. "पायाचे गोळे झाले. उद्या मले नाही होणार."

सर तिच्यासमोर बसले आणि तिचे बूट सोडले. मी पाहत होते. घरात स्वतःचा टॉवेल स्वतः न शोधणारा माणूस त्या पोरीच्या पोटऱ्यांवर ओलं फडकं ठेवत होता, तिला थोडं थोडं पाणी पाजत होता आणि हळू आवाजात म्हणत होता, "उद्याचं उद्या पाहू. आता खाय." माझा डबा तिनं सगळा खाल्ला. सरांना मी काय दिलं? प्लॅटफॉर्मवरचा वडा. त्यांनी काय खाल्लं ते त्यांनाही कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत. विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या आणि शेवट मैदानावर. पहिल्या दोघींची संघात निवड. मी शेवटच्या रेषेजवळ शेखर सरांशेजारी बसले. शिट्टी वाजली आणि वीसेक पोरी कमरा हलवत निघाल्या. या वेळी मला अजिबात हसू आलं नाही.

मनाली मागे होती. पहिल्या फेरीत सातवी की आठवी. सर दोरीच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं चालत होते. मला वाटलं होतं ओरडतील. ते फक्त चालत होते, तिच्या दोन पावलं मागे. इतकी वर्षं मी त्यांना घरातून पाहिलं होतं, चिखलाचे बूट दारात ठेवणारा, चहा थंड करून पिणारा माणूस म्हणून. मैदानावर ते मला उंच दिसले. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

हळूहळू पुढच्या पोरी गळू लागल्या. ऊन चढलं तशी चढाओढ वाढली, आणि चढाओढीत पाय उचलले जाऊ लागले. पंचांच्या लाल खुणा पडत गेल्या. एक बाहेर, मग दुसरी बाहेर. एक चक्कर येऊन बसली. मनालीला एकही लाल खूण नाही. शेवटच्या फेरीला ती तिसरी होती. पुढे अकोल्याची एक पोरगी, बरीच लांब. आणि मध्ये एक उंच पोरगी, अगदी दहा पावलांवर. तिची पाठ बरोबर मनालीच्या डोळ्यांसमोर.

सर माझ्याकडे आले. कपाळावर घाम. "माह्याच्यानं पाहवत नाही. ती आता पळते. तू पाह्य आन् मले सांग." आणि सरळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मनालीचा चेहरा मला दिसत होता. राग आलेला स्पष्ट दिसत होता. जबडा आवळला, मुठी वळल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरी, नको पळू गं, त्या म्हाताऱ्यासाठी नको पळू. तिनं जोर लावला. पण आदल्या दिवशी गावानं तिला एवढं चालवलं होतं, की पायांत पळणंच उरलं नव्हतं. एक पाय जमिनीवर, मग दुसरा जमिनीवर. ती चालतच राहिली. नंतर मला म्हणाली, "पळायचंच होतं मले काकू. पायच नाही उठले."

पण पुढच्या पोरीला मागची पावलं ऐकू आली. ती घाबरली. मैदानात शिरता शिरता तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, मलासुद्धा दिसले. अकोल्याची पोरगी पहिली आली. ती उंच पोरगी दुसरी आली. मनाली तिसरी आली आणि रेषेपलीकडे जाऊन गवतावर आडवी पडली. शेखर सरांनी डोक्याला हात लावला. आता कडुलिंबाखाली जाऊन काय सांगायचं?

तेवढ्यात मुख्य पंच हातात लाल फळी घेऊन त्या उंच पोरीकडे गेले. तिसरी लाल. बाद. माइकवरून नावं वाचली गेली. पहिली अकोल्याची. दुसरी मनाली माणिकराव तायडे, मलकापूर.

शेखर सर नाचायला लागले. मनाली उठायला पाहत होती आणि तिला उठता येत नव्हतं, म्हणून ती पडल्या पडल्याच हसत होती आणि रडत होती. आणि सर तिकडे पाठ करून उभे. टाकीजवळचा पंप एवढा घरघरत होता, की माइकवरचं काही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी हाका मारल्या. मग साडीचा पदर खोचला, चपला तिथंच काढल्या आणि पळत सुटले.

शाळेत असताना पळाले असेन तेवढंच. अर्ध्या मैदानात धाप लागली. कुठूनशी पोरं टाळ्या वाजवत होती. सरांनी मागे वळून पाहिलं. पंचावन्न वर्षांची त्यांची बायको अनवाणी, पदर खोचून, भर मैदानातून त्यांच्याकडे पळत येत होती. काय झालं असेल ते त्यांना काही कळेना. आणि त्यांच्या तोंडून काय निघालं?

"बिलकिस, हात हलव! हात! गुडघे उचल!"

मी हसत हसत, रडत रडत जाऊन त्यांच्यासमोर थांबले. छातीत श्वास मावत नव्हता. त्यांच्या शर्टाची बाही धरून कसंबसं सांगितलं, "झाली. दुसरी आली. निवड झाली तिची."

ते तिथंच खाली बसले, फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर, चांगल्या काळ्या पँटसकट. मीही शेजारी बसले. पंप घरघरत होता. मग ते म्हणाले, "नीट नाही ऐकलं मी. पुन्हा सांग."

त्यांनी नीट ऐकलं होतं. मी पुन्हा सांगितलं, आणि मग त्यांनी विचारलं म्हणून आणखी एकदा सांगितलं.